जुना मॅसी ३५: पाटी, पत्रा आणि पासिंग

जुना ट्रॅक्टर ठरला, पैसे दिले की घेणाऱ्याला घाई होते ती गाडी बोलवायची. आमचा सल्ला उलटा आहे. ट्रॅक्टर जिथे वर्षानुवर्षं उभा आहे तिथून तो हलण्याआधी त्याची ओळख पटवून घ्या. हलवाहलवीत सैल पाटी गळून पडते, डायनॅमो ‘नंतर पाठवतो’ म्हणून मागे राहतो, शेडाच्या कोपऱ्यात पडलेलं जुनं सामान भंगारात जातं. मग घरी आल्यावर कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून बसवलेला, हे ठरवायला हाताशी काही उरत नाही.

इथे सांगतोय तो मॅसी फर्ग्युसन ३५, बार्शी तालुक्यातल्या एका शेडातून फलटणला आणलेला. बंद अवस्थेत, मागची दोन्ही चाकं बसलेली. विकणाऱ्यांचं म्हणणं होतं, ‘एकोणसाठचा आहे, इंग्लंडचा, चार सिलिंडर.’ बॉनेटखाली मात्र तीन सिलिंडरचं इंजिन. म्हणजे सांगण्यात तरी चूक होती किंवा ट्रॅक्टरमध्ये तरी बदल झाला होता.

आपल्याकडे ‘जुना मॅसी’ या एका नावाखाली निरनिराळी यंत्रं खपतात, म्हणून थोडी वंशावळ. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन टीई२० निघाला, पाच लाख सतरा हजारांहून जास्त. करडा रंग, चार पुढचे गिअर, एक रिव्हर्स. १९५६ मध्ये त्याच्या जागी एफई३५ आला, पत्रा करडा आणि इंजिन-गिअरबॉक्स तांबूस सोनेरी. १९५७ च्या अखेरीस तोच ट्रॅक्टर लाल पत्रा आणि करड्या अंगाने मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. डिझेल इंजिन सुरुवातीला स्टँडर्ड कंपनीचं २३सी, चार सिलिंडर, २२५८ सीसी. त्याच्या जागी पुढे पर्किन्सचं तीन सिलिंडरचं ३ए-१५२ आलं, सुमारे अडीच लिटरचं. १९६४ च्या शेवटी १३५ जाहीर झाला आणि ३५ चा जमाना संपला. इकडे १९६० मध्ये मद्रासला टाफे ही ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली, मॅसी फर्ग्युसनशी करार करून. पर्किन्सची इंजिनं मद्रासच्याच सिम्पसन कंपनीत बनू लागली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या शेडात सापडणारा जुना मॅसी आयात केलेला असू शकतो, मद्रासचा असू शकतो, आणि बऱ्याचदा दोन्हींची खिचडी असतो.

जागेवरची पहिली तपासणी टेपने करा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर टीई२० ला ७० इंच भरतं, ३५ ला ७२ इंच. दोन्ही बाजूंनी मोजा. फरक निघाला तर पुढची चाकं सरळ आहेत का ते बघा. सरळ असूनही फरक राहिला तर पुढच्या आसाचा रेडियस आर्म (आसाला मागून धरून ठेवणारा दांडा) वाकलेला असणार. टीई२० ला लाल रंग फासून ‘मॅसी’ म्हणून विकल्याची उदाहरणं आहेत, पण ते पकडायला टेपचीही गरज नाही. टीई२० ला मुख्य गिअरचा दांडा एकच असतो आणि सेल्फ त्या दांड्यानेच लागतो. हायड्रोलिकलाही तरफ एकच. ३५ ला मुख्य गिअरशिवाय हाय-लोचा वेगळा दांडा असतो, त्यामुळे तीनाचे सहा पुढचे गिअर आणि दोन रिव्हर्स मिळतात, आणि सीटच्या उजवीकडे हायड्रोलिकच्या दोन तरफा असतात.

मग पाटी. ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल या बिडाच्या पेट्या एकमेकींना बोल्टने जोडल्या की तीच चेसिस. म्हणून ३५ चा अनुक्रमांक डॅशवर रिवेटने बसवलेल्या छोट्या पाटीवर असतो, आणि आरसी बुकात ‘चेसिस नंबर’ म्हणून बहुधा तोच उतरलेला असतो. पाटी कधीही पॉलिश पेपरने घासू नका. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी पाटीवर अर्धा तास ठेवा, मऊ कापडाने पुसा, टॉर्च कडेने तिरका धरा. अक्षरं पुसट असली तर पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिलने छाप काढा. आरटीओत हीच पद्धत आहे, आणि जागेवर काढलेली छाप पुढे कामाला येते.

इंग्लंडच्या ३५ च्या पाटीवर आकड्याआधी जी अक्षरं असतात तीच सगळ्यात बोलकी. पहिलं एस असेल तर साध्या रुंदीचा शेतीचा ट्रॅक्टर, व्ही असेल तर द्राक्षबागेचा अरुंद. दुसरं अक्षर इंधन आणि इंजिन सांगतं: जी म्हणजे पेट्रोल, डी म्हणजे चार सिलिंडरचं डिझेल, एन म्हणजे पर्किन्सचं तीन सिलिंडरचं डिझेल. तिसरं क्लचचं: एफ म्हणजे एकेरी, एम म्हणजे दुहेरी क्लच, ज्यात पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात पण पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) फिरत राहतो. पुढे वाय असेल तर डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) आहे.

बार्शीच्या ट्रॅक्टरच्या पाटीवर निघालं एसडीएम. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडताना तो चार सिलिंडरचा डिझेल, दुहेरी क्लचचा होता. विकणाऱ्यांचं बोलणं खरं होतं, पण ते जुन्या ट्रॅक्टरबद्दल होतं. मधल्या काळात इंजिन बदललेलं.

रिवेटही बघा. मूळ रिवेटची डोकी सारखी असतात आणि रंगाचे थर पाटीवरून रिवेटवर सलग गेलेले दिसतात. पाटी स्क्रूने किंवा पॉप रिवेटने बसवलेली असेल तर ती दुसऱ्या ट्रॅक्टरवरून आली असण्याची शक्यता धरून चाला आणि आरसीशी ताडून मगच पैसे द्या. कागद आधी, ट्रॅक्टर मागाहून. आरसी बुकावरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, मालकाचं नाव, बँकेचा बोजा हे चार रकाने जागेवरच वाचा. सध्याचं आधारकार्ड एकाच्या नावाचं आणि आरसी वारलेल्या वडिलांच्या नावाची, हे गावाकडे हमखास असतं. तसं असेल तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर, मग तुमच्या नावावर. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५. हे काम विकणाऱ्याच्या सह्या सहज मिळतात तोवरच उरका. या ट्रॅक्टरच्या आरसीत चेसिस नंबर पाटीशी जुळला. इंजिन नंबर ब्लॉकवर दिसणाऱ्या नंबराशी जुळला नाही, आणि ते अपेक्षितच होतं.

आता उचलायची तयारी. ३५ चं वजन अवजाराशिवाय १४०० ते १५०० किलो धरा, त्यातलं दोन तृतीयांशाच्या आसपास मागच्या चाकांवर. लांबी जेमतेम दहा फूट. कागदावर तो दहा फुटी हौद्याच्या टेंपोत मावतो, पण बांधायला पुढेमागे जागा उरत नाही आणि फाळका लागत नाही. चौदा फुटी आयशर सांगा. पिकअपचा विचार सोडून द्या. वजन तिच्या मर्यादेला टेकतं आणि उंच, अरुंद ओझ्यामुळे वळणावर गाडी झोलते. हौद्याची आतली रुंदी आणि ट्रॅक्टरची टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी दोन्ही प्रत्यक्ष मोजा. ३५ ची चाकं ४८ ते ७६ इंचांपर्यंत चार-चार इंचांच्या टप्प्यांनी आतबाहेर बसवता येतात. ऊस-कपाशीच्या पट्ट्यात ती बऱ्याचदा रुंद लावलेली असतात, आणि गंजलेले बोल्ट फाळक्यापाशी सुटत नाहीत.

मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय का ते बघा. चिखलणीला पकड यावी म्हणून पाणी भरायची पद्धत जुनी आहे, आणि ११-२८ मापाच्या (आता १२.४-२८ म्हणतात) टायरमध्ये तीन चतुर्थांश भरलं तर दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. दोन्ही मिळून तीन क्विंटल विनाकारण ओझं, शिवाय पाणी आत हेलकावतं. चाक जॅकवर घ्या, व्हॉल्व्ह खाली आणा, पिन काढा. पाणी थांबलं की थोडी हवा भरून पुन्हा सोडा, म्हणजे राहिलेलंही निघतं. मग चारही टायरांत हवा भरून एक रात्र ठेवा. जुनी ट्यूब रात्रीत बसली तर वाटेतही बसणार, आणि टायर बसला की बांधलेले पट्टे सैल पडणार. टायर फाटलेला असेल तर ओळखीच्याकडून चालू चाक मागून आणा.

गिअर अडकलेला आणि इंजिन जाम, ही जोडी नेहमीची. दांड्याशी झटापट करू नका, आतले काटे वाकतात. मागचं एक चाक जॅकवर उचला, एकाने ते चाक हाताने हळूहळू पुढेमागे फिरवावं आणि दुसऱ्याने त्याच वेळी दांडा हलवावा. दातांवरचा ताण एका क्षणी सुटतो आणि गिअर निघतो. हाय-लोचा दांडाही मध्ये आणा, पीटीओ बंद करा. ब्रेकचे ड्रम गंजून शूजना चिकटलेले असतात. अ‍ॅडजस्टमेंट पूर्ण सैल करा, ड्रमच्या कडेवर लाकडाचा ठोकळा धरून त्यावर हातोडा मारा, फिरवा, परत मारा. ड्रम बिडाचा आहे, थेट घण घातला तर तुटतो आणि चांगला ड्रम शोधत फिरावं लागतं. हबचं ऑइल सील गेलेलं असेल तर शूज तेलात भिजलेले असतात आणि सुटल्यावर ब्रेक लागतच नाही. म्हणून बंद मॅसीला ब्रेक नाहीच, असं धरून पुढचं सगळं ठरवा.

टाकीतलं डिझेल काढा, कॉक बंद करा. लिफ्टचे हात पूर्ण खाली आणा. टॉप लिंक, आडवा बार, सुट्या पिना काढून गोणीत भरा आणि गोणीवर रंगाने लिहा. सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घाला. पाणी त्यातून सरळ सिलिंडरवर उतरतं, आणि जाम इंजिनांपैकी पुष्कळ याच वाटेने जाम झालेली असतात. बॅटरी काढा, पण त्याआधी कोणती तार अंगाला जोडलेली आहे त्याचा फोटो घ्या. इंग्लंडच्या त्या काळच्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थिंग असे, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह तार अंगाला. नंतर कुणी निगेटिव्ह केलंय का, ते तारांवरूनच कळतं.

काढण्याआधी फोटो घ्यायच्या जागा ठरलेल्या ठेवा: पाटी, इंजिनाची डावी-उजवी बाजू, डिझेल पंपावरची पाटी, सेल्फ आणि डायनॅमो, पुढच्या आसाचा आधार, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या सांध्याची बाजू, मागचे हब, टायरवरची मापं. शेडाचे कोपरेही बघा. पोटमाळ्यावर किंवा गव्हाणीखाली मूळ इंजिनाचे तुकडे, जुना दिवा, जॅक, कधी मालकाला मिळालेलं माहितीपुस्तक सापडतं. व्यवहाराच्या दिवशी ते ‘घेऊन जा’ म्हणून मिळतं, महिन्याने त्याला किंमत येते.

चढवण्याच्या तीन पद्धती आहेत आणि आमची पसंती धक्क्याला. बाजार समितीच्या आवारात, रेल्वेच्या मालधक्क्यावर किंवा जुन्या जिनिंगमध्ये हौद्याच्या उंचीचा ओटा असतो. परवानगी काढायची, गाडी मागे लावायची, मधल्या फटीवर जाड लोखंडी प्लेट टाकायची आणि ट्रॅक्टर सपाटीवरून आत ढकलायचा. उतार नाही म्हणजे धोका जवळजवळ नाही. शेडापासून धक्क्यापर्यंत दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना दोर किंवा साखळी नको, लोखंडी दांडाच लावा. मागच्याला ब्रेक नसल्यामुळे पुढचा थांबला की तो येऊन धडकतो, आणि पहिला मार रेडिएटरला बसतो. चालण्याच्या वेगाने न्या.

धक्का नसेल तर फळ्या किंवा लोखंडी चॅनेल. हौदा जमिनीपासून साधारण मीटरभर उंच असतो. चार मीटर लांबीचे चॅनेल लावले तर चढ चौदा-पंधरा अंशांचा होतो, त्याहून उभा चढ लावू नका. चॅनेल आखूड असतील तर गाडीची मागची चाकं उतरतील असा दीड फुटाचा खड्डा खणा, चढ निम्म्यावर येतो. चौदा अंशांच्या चढावर दीड टनाला ओढायला बसलेल्या टायरांसकट साडेचारशे ते पाचशे किलोचा जोर लागतो, म्हणजे दोन टनाची चेन कप्पी भरपूर झाली. कप्पी गाडीच्या चेसिसच्या आडव्या मेंबरला अडकवा, हौद्याच्या पुढच्या जाळीला नव्हे. ट्रॅक्टरच्या बाजूने हूक पुढच्या आसाच्या मधल्या भागाला. स्टिअरिंगच्या लांब दांड्यांना, ज्या ३५ ला दोन्ही बाजूंनी मागून पुढे जातात, साखळी लागूच देऊ नका. त्या वाकल्या की चाकं वेगवेगळ्या दिशांना तोंड करतात. फूटभर वर गेलं की मागच्या चाकामागे पाचर, पुन्हा फूटभर, पुन्हा पाचर. उतारावर मागे कुणी उभं राहायचं नाही, हे मजुरांना आधीच बजावा.

चालू ट्रॅक्टर स्वतःच्या जोरावर चढवायचा असेल तर उलटा, रिव्हर्समध्ये चढवा. सरळ चढवताना मागची चाकं जोर लावतात आणि पुढचा भाग हवेत उठतो. मॅसीसारख्या पुढून हलक्या ट्रॅक्टरला त्यासाठी फार काही लागत नाही.

तिसरी पद्धत हायड्रा क्रेनची. पैसे जास्त, वेळ कमी. दोन कापडी पट्टे मागच्या आसाच्या नळकांड्यांखालून, दोन पुढच्या आसाखालून, वर आडवा बार, म्हणजे पट्टे बॉनेटला चेपत नाहीत. चेंबरखालून (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखालून) पट्टा घालू नका. जेसीबीच्या बकेटला साखळी लावून उचलण्याची पद्धत सगळीकडे बोकाळली आहे, पण बकेटला हवा तसा हळू हात नसतो, आणि मडगार्ड, सीटची पट्टी, दिव्याचे आधार हे सगळं त्यात जातं.

हौद्याला लोखंडी चेकर प्लेट असेल तर चाकांखाली ओली वाळू किंवा गोणपाट टाका. जमेल तिथे तोंड पुढे ठेवा. ३५ चं बॉनेट जाळीसकट पुढच्या बाजूला उलटून उघडतं. तोंड मागे केलं तर वाऱ्याने ते उघडून आपटतं. तरीही वरून दोर हवाच. बांधण्यासाठी ५० मिलिमीटर रुंद रॅचेट पट्टे चार, जमल्यास सहा. ब्रेक मारताना ओझ्याचा पुढे जाण्याचा जोर त्याच्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत धरतात, आडवा आणि मागचा जोर निम्म्यापर्यंत. त्यामुळे मागच्या आसापासून हौद्याच्या मागच्या कोपऱ्यांकडे जाणारे पट्टे सगळ्यात महत्त्वाचे, कारण ट्रॅक्टरला केबिनकडे जाऊ देत नाहीत तेच. पुढचे दोन पुढच्या आसाच्या मधल्या बिडाच्या भागापासून पुढच्या कोपऱ्यांकडे. मडगार्ड, पायपट्टी, लिफ्टचे हात, स्टिअरिंग यांवरून पट्टा न्यायचा नाही. पट्टा जिथे धारेवर घासतो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा. चाकांच्या पुढेमागे ठोकळे हौद्याला खिळ्यांनी पक्के, मग गिअर लावून ब्रेकची दोन्ही पेडलं एकत्र अडकवा. हे वरचं आहे, भिस्त पट्ट्यांवरच.

बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, बारामती, फलटण असा रस्ता घेतला. घाट नाही, हीच त्याची जमेची बाजू. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावे लागतात, कारण टायर दबून बसतात. त्यानंतर प्रत्येक चहाला एक नजर. ट्रॅक्टर गाडीवर चढला की तो माल असतो, त्याचा स्वतःचा विमा आणि पासिंग चालू असण्याची गरज पडत नाही, पण विक्रीची पावती, आरसीची प्रत आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ड्रायव्हरजवळ द्या. रात्री महामार्गावर जुना ट्रॅक्टर नेताना विचारपूस होतेच. उतरवायला शेताचा उंच बांध किंवा पुन्हा धक्का शोधा. चॅनेलवरून उतरवताना कप्पी मागे ताणून धरलेली हवी.

घरी आल्यावर पाण्याचा फवारा मारण्याचा मोह आवरा. पन्नास-साठ वर्षांचं ग्रीस आणि धूळ यांच्या थराखाली रंग, ठोकलेले आकडे, पाटीची कडा सुरक्षित असतात. प्रेशरचं पाणी ते घेऊन जातं आणि गिअर दांड्याच्या फाटलेल्या रबरातून आतही शिरतं. ३५ ला गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिकचं तेल एकच, तीस लिटरच्या आसपास. ते ताकासारखं पांढरं निघालं तर आधीच पाणी गेलेलं आहे. बूच उघडून पहिलं अर्धा लिटर काचेच्या बरणीत घ्या आणि रात्रभर ठेवा, पाणी खाली बसतं आणि किती ते दिसतं.

लाकडी पट्टी आणि रॉकेल घेऊन एकेक भाग साफ करत जा. इथे नवख्यांचा नेहमीचा घोळ होतो: ब्लॉकवर उठावदार, बाहेर आलेले मोठे आकडे दिसले की ते इंजिन नंबर समजून लिहून घेतात. उठावदार आकडे साच्यातून आलेले असतात. तो त्या ओतीव भागाचा क्रमांक, हजारो ब्लॉकांवर सारखाच. त्या त्या इंजिनाचा नंबर आत ठोकलेला असतो, आकडे लहान आणि थोडे वाकडेतिकडे. तो सापडेपर्यंत रॉकेल लावत राहा. इंग्लंडच्या ३ए-१५२ वर तो ‘१५२यूए’ने सुरू होतो. बार्शीच्या ट्रॅक्टरवर तसं नव्हतं. ब्लॉक सिम्पसनचा निघाला, म्हणजे कॉव्हेंट्रीच्या अंगावर मद्रासचं इंजिन.

हा बदल का झाला असेल, ते २३सी इंजिन माहीत असलेल्यांना सांगावं लागणार नाही. थंडीत ते सुरू व्हायला कुरकुरतं. लायनर (सिलिंडरचे आतले नळ) ओले, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणारे. खालचं पॅकिंग गेलं की पाणी चेंबरमध्ये. सुटे भाग आयातीवर. आयात थांबली तसे ते मिळेनासे झाले, आणि सिम्पसनचं इंजिन तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होत होतं. पण हे इंजिन बदलणं म्हणजे चार बोल्ट खोलून दुसरं ठेवणं नव्हे. ३५ मध्ये इंजिन हाच सांगाड्याचा भाग आहे, पुढचा आस त्याला लागलेल्या बिडाच्या आधारावर टेकतो. त्यामुळे पुढचा आधार, मागची प्लेट, फ्लायव्हील हे तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवरून सोबत आणावं लागतं. हे सगळं एका जातीचं आहे का, सांध्यावर वॉशर किंवा पत्र्याचे तुकडे घालून वेळ मारून नेली आहे का, ते बघा. सांध्याच्या दोन कडा सलग नसतील तर क्लच शाफ्ट तिरका चालतो आणि क्लच प्लेट वारंवार जाते. या ट्रॅक्टरवर सांधा सलग निघाला. काम जाणत्या हाताचं होतं.

इंजिनाशिवायचा पुरावा विजेच्या भागांतून मिळतो. लुकासच्या जुन्या डायनॅमो आणि सेल्फच्या अंगावर महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. लुकास-टीव्हीएस असं नाव असेल तर तो भाग १९६१ नंतरचा आणि भारतातला. डायनॅमोवरची तारीख पाटीच्या काळाशी जुळली तर दोघंही मूळचे असण्याची शक्यता वाढते. सेल्फ मात्र पुराव्यात धरू नका, तो इंजिनाबरोबर बदलतो. रंगासाठी बॉनेटच्या आतली बाजू, डॅशची मागची कडा आणि बॅटरीखालची जागा धारदार पात्याने तिरकी, नखाएवढी खरवडा आणि थर मोजा. बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, लाल डबा प्रत्येक गावात मिळतो. लालच्या खाली करडा पत्रा आणि अंगावर तांबूस सोनेरी निघाला असता तर तो एफई३५ ठरला असता. इथे पत्र्याचा तळचा थर लाल आणि गिअरबॉक्सचा करडा. मग काळ ठरला: लाल-करडा रंग म्हणजे १९५७ च्या अखेरीनंतरचा, पाटीवरचा डी म्हणजे पर्किन्स येण्याआधीचा. ‘एकोणसाठचा’ हे विकणाऱ्यांचं वाक्य या चौकटीत बसतं, आणि आरसीतली पहिली नोंदणीही.

जाम इंजिन फिरवण्याआधी नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण थोडं थोडं ओतून दोन-तीन दिवस मुरू द्या आणि पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून दोन्ही दिशांना हळू हलवा. सेल्फने किंवा ओढून सुरू करू नका. आधी पाना, मग तेलाचा दाब येईपर्यंत नोझलशिवाय सेल्फ, मग डिझेलची हवा काढणं.

राहिलं पासिंग. जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये केंद्राने जे ‘व्हिंटेज’ नियम आणले त्यांत दुचाकी आणि प्रवासी चारचाकी येतात, ट्रॅक्टर येत नाही. त्यामुळे पन्नास वर्षं ओलांडली तरी ट्रॅक्टरला नेहमीचाच रस्ता: विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा फॉर्म ३०, नोंदणीची मुदत संपलेली असल्यास नूतनीकरणाचा फॉर्म २५. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस. परराज्यातला ट्रॅक्टर असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत आधी. हाताने लिहिलेलं जुनं आरसी बुक संगणकात नसतं, तेव्हा मूळ कार्यालयात बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. या कामाला वेळ जातो, म्हणून ते पहिल्या आठवड्यातच टाका.

इंजिन नंबराचा प्रश्न बाजूला ठेवून अर्ज करू नका, तपासणीला निरीक्षक पहिली छाप इंजिनाचीच मागतात. बदललेलं इंजिन मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीत नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी ते कुठून आलं याचा कागद हवा: बिल, पावती, निदान ज्या ट्रॅक्टरवरून काढलं त्याच्या मालकाचं प्रतिज्ञापत्र. आरसीतला जुना नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देणारे गल्लीत भेटतात. तो गुन्हा आहे आणि घासलेली जागा टॉर्चखाली लगेच दिसते. म्हणून बार्शीहून निघण्याआधी विचारायचा शेवटचा प्रश्न हाच: इंजिन कुणी बदललं, त्या मेकॅनिकची वही कुठे आहे, आणि काढलेला २३सीचा ब्लॉक भंगारात गेला की अजून गोठ्यामागे पडून आहे. पडून असेल तर तोही गाडीत टाका. त्यावर ठोकलेला नंबर आरसीशी जुळला की इंजिन बदलीची अर्धी कहाणी तिथेच सिद्ध होते.